पडद्यावरचा इशारा

गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूच्याच ऊतींपासून घडतो. म्हणून पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची सख्खी भावंडं. फक्त त्या चिरफाड न करता बघता येतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. पंचेचाळिशीत त्यांच्या पडद्यांचे फोटो तपासले, तेव्हा ज्यांच्या धमन्या अरुंद आणि शिरा रुंद दिसल्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका दाखवणारे निर्देशांकही चढे आढळले. हे निदान नव्हे, इशारा आहे. पण तो विसरभोळेपणा सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिळतो, म्हणून मला फार मोलाचा वाटतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आईवडिलांना चष्म्याचा नंबर काढायला न्याल, तेव्हा डॉक्टरांना पडदाही तपासायला सांगा.