दारिद्र्यावरील आळ

गतवर्षी पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध भगिनीच्या गळ्यातील साखळी भरदिवसा हिसकावली गेली. ओढाताणीत त्या पडल्या, हाताचे हाड मोडले. लगेचच्या रविवारी सभा भरली. एका प्रतिष्ठित बंधूंनी निवाडाच देऊन टाकला : "खाडीकाठच्या चाळींतले हे परप्रांतीय मजूर आधी हटवा. जिथे भूक, तिथे सुरा!" टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी मी होतो आणि मी गप्प बसलो. चोर कोण, हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते, आजही नाही. हा लेख म्हणजे त्या मौनाची उशिरा केलेली भरपाई समजावी.

"जिथे भूक, तिथे सुरा" हे विधान अनुभवाचे बोल वाटते. तपासू गेल्यास डळमळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ सालीच बजावले होते की, केवळ दारिद्र्य माणसाला गुन्ह्याकडे नेत नाही. यशाचे एकच स्वप्न सर्वांपुढे नाचवायचे आणि तिथवर पोहोचण्याच्या वाटा मात्र अनेकांना बंद ठेवायच्या, या विसंगतीत गुन्ह्याचे बीज असते. पुढे ज्युडिथ व पीटर ब्लाउ या दांपत्याने अमेरिकेतील १२५ मोठ्या महानगर-क्षेत्रांची आकडेवारी अभ्यासली (१९८२). विषमता, विशेषतः गोऱ्या-काळ्यांमधील आर्थिक दरी, हिशेबात धरली की हिंसक गुन्ह्यांशी दारिद्र्याचा स्वतंत्र संबंध उरत नाही, असे त्यांना आढळले. नंतरच्या काही संशोधकांनी दारिद्र्याचाही वाटा दाखविला. तो वाद विद्वानांनी जरूर घालावा. पण एखाद्या चाळीतील प्रत्येक बिऱ्हाडाला संशयित ठरविण्याची मुभा त्यांपैकी कोणीही दिलेली नाही.

शिवाय हिंसा नेहमी खालून वर जाते, हे कोणी ठरविले? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. त्या कुटुंबाकडे स्वतःची शेतजमीन होती, मुलगी अभ्यासात हुशार होती. ती माणसे मान वर करून जगू लागली, हेच सलले. मारणारे भुकेपोटी आले नव्हते. दोषींना शिक्षा झाली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा मात्र न्यायालयाने सिद्ध मानला नाही. ही हिंसा विषमतेची राखणदार होती. तिला आमच्या बंधूंच्या म्हणीत जागा कुठे आहे?

ब्राझीलमधील ओलिंदा व रेसिफेचे आर्चबिशप हेल्डर कामारा यांनी हिंसेचा हा क्रम नेमका उलगडला होता. पहिली हिंसा अन्यायाची. तिच्यातून उठणारी बंडाची हिंसा दुसरी. आणि ते चिरडणारी सत्तेची हिंसा तिसरी. आपण दुसरीपासून मोजायला आरंभ करतो आणि तिसरीची मागणी करतो. पहिलीला आपण 'शांतता' म्हणतो.

भगिनीचे दुःख खरे आहे, साखळी हिसकावणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. यात मला संदेह नाही. परंतु त्या चाळींत एकेका खोलीत आठ-आठ जण झोपतात, नळ एकच, आणि भाड्याची पावती कोणालाच मिळत नाही. त्या चाळी परप्रांतीयांच्या मालकीच्या नाहीत. भाडे घेणारे दर रविवारी मिस्साला पुढच्या बाकांवर बसतात, धर्मग्रामाच्या वर्गणीत त्यांचे आकडे सर्वांत मोठे असतात, आणि ती वर्गणी मीच स्वीकारतो. त्या सभेत टाळ्या वाजविणाऱ्यांत ते होते. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून मी भाडे, नळ आणि पावती घातली आहे.