हिशेब काम चालू असतानाच हवा
पेडण्यातल्या कोरगावात घर बांधणारा माणूस ट्रकमधून उतरलेले चिरे स्वतः मोजतो, फुटके बाजूला काढायला लावतो आणि जोते उंच करायचे तर गवंड्याला आधी दर विचारतो. सार्वजनिक कामांवर अशी नजर कोण ठेवतो? तिळारी धरणाचेच पाहा. 1990 च्या गोवा-महाराष्ट्र करारावेळी 217.22 कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे सोळाशे कोटींवर गेला. त्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, म्हणजे पेडणे-डिचोलीच्या करदात्याचाही. महागाई होतीच, पण काम रेंगाळले की सिमेंट-पोलादाचे दर कोणासाठी थांबत नाहीत.

म्हणून जागा पूर्ण ताब्यात आल्याशिवाय कार्यादेश देऊ नये. वाढीव कामाला लेखी मंजुरी आधी, बिल नंतर. आणि पाया, सळ्या यांचे मोजमाप काँक्रीट ओतण्यापूर्वीच झाले पाहिजे. एकदा झाकले गेल्यावर मोजमाप पुस्तकातला आकडा खरा की खोटा, हे कोण सांगणार? गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात ग्रामसभा भरते. पंचायतींनी तिथे चालू कामांची मोजमापे आणि दिलेली बिले वाचून दाखवावीत. कोरगावने येत्या सभेपासूनच सुरुवात करावी.