अर्धवेळ म्हणजे नेमकं काय अर्धं?

‘केक डेकोरेशनसाठी महिला पाहिजेत. पार्ट-टाइम. गृहिणींना उत्तम संधी.’

पुण्यात आमच्या उपनगरातल्या एका बेकरीच्या काचेवर हा कागद चिकटवलेला होता. अशा कागदांवरचे फोन नंबर उतरवून घेऊन वस्तीतल्या बायकांना देणं, हे माझं कितीतरी वर्षांचं काम. या वेळी मात्र तो नंबर मी स्वतःसाठी उतरवून घेतला.

कारण सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी एका संस्थेत काम करते आहे. गेल्या वर्षी एक प्रकल्प संपला आणि आमचं मानधन निम्म्यावर आलं. कामं निम्मी झाली नाहीत. घरी आई आहे, तिची मधुमेहाची औषधं आहेत, घरभाडं आहे. केकचं काम मला येतं, कारण आमच्याच संस्थेच्या ‘केक व आयसिंग’ वर्गात बायकांच्या मागे बसून मीही शिकले. म्हणून मी अर्ज केला. ‘अभ्यास’ म्हणून नव्हे, पैसे हवे होते म्हणून.

मालकांचा पहिला प्रश्न होता, “मिस्टर काय करतात?” मी म्हटलं, लग्न केलेलं नाही. “मग घरी कोण असतं?” आई असते. “आजारी वगैरे नाहीत ना? मग उगाच सुट्ट्या होतात.” किती वर्षं केक करता, कोणतं क्रीम वापरलंय, तासाला अर्ध्या किलोचे किती केक निघतात, हे प्रश्न यायला बराच वेळ लागला.

मैत्रिणींनो, हा पहिला प्रश्न आपण हसण्यावारी नेतो. तो साधा नाही, त्यात पगार ठरतो. नवरा असेल तर, “घर चालतंयच, तुमचा तेवढाच हातभार.” नवरा नसेल तर, “गरज आहे, मिळेल त्यात येतील.” दोन्ही वाटा एकाच आकड्याशी येऊन थांबतात. भट्टीवर काम मागायला आलेल्या पुरुषाला ‘मिसेस काय करतात’ असं विचारून कुणी पगार ठरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग ‘ट्रायल’. तीन दिवस, दुपारी ३ ते ८, बिनपगारी. “हात बघायला लागतो ना, मॅडम.” बघा की. पण मी सजवलेले केक कुणी बाजूला ठेवून तपासले नाहीत. ते थेट काउंटरच्या फ्रिजमध्ये गेले आणि पूर्ण किमतीला विकले गेले. शनिवारी मी एकटीने १९ केक केले. मैद्याचं पोतं, गॅसचा सिलिंडर, केकचे खोके यांतली कुठली वस्तू ट्रायलवर फुकट येते? बाईचे तीन दिवस तेवढे येतात. आणि ती बाई ‘नको’ म्हणाली तर पुढच्या आठवड्यात दुसरीचे तीन दिवस येतात. कागद काचेवरून कधी उतरत का नाही, हे मला तेव्हा कळलं.

हे काम काय आहे, तेही सांगायला हवं. कारण ‘आवड आहे ना, घरी करताच की’ या एका वाक्यात ते पुसून टाकलं जातं. स्पंजचे सारखे तीन थर कापायचे. साखरेचं पाणी इतकंच द्यायचं की थर ओला होईल, पण बसणार नाही. क्रीम थंड असतानाच फेटायचं. कमी फेटलं तर फूल उभं राहत नाही, जास्त फेटलं तर ते दाणेदार होतं आणि केकची कड फाटते. एका हाताने टेबल फिरवत दुसऱ्या हाताने सुरी स्थिर धरायची. मग नोझल. उन्हाळ्यात पिशवीतलं क्रीम तळहाताच्या उबेनेच सैल पडतं, म्हणून हात भराभर चालावा लागतो. हे सगळं उभ्याने. पाच तासांनी मनगट आणि अंगठ्याची मुळी ठणकते. शेवटी गिऱ्हाईक समोर उभं असताना नाव लिहायचं, तेही एका दमात, कारण खोडायला जागा नसते. ही हौस आहे? ही कारागिरी आहे. पण त्या बेकरीत ‘कारागीर’ हा शब्द भट्टीवरच्या पुरुषांसाठी राखून ठेवलेला होता. केकच्या टेबलावरची बाई, ती ‘हेल्पर’.

शब्दांचा हा खेळ फुकटचा नसतो. बेकरी हा महाराष्ट्रात किमान वेतन ठरवून दिलेला उद्योग आहे, आणि किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतवारीने ठरतात. बाईला ‘हेल्पर’ म्हटलं की ती सर्वांत खालच्या पायरीवर जाते.

आता हिशेब मांडू. मला सांगितलेला पगार महिना ६,००० रुपये. रोज पाच तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० तास. तासाला ४६ रुपये. काउंटरवरच्या मुलाकडून कळलं की माझ्याआधी याच टेबलावर एक मुलगा होता. तो आठ तास काम करायचा आणि त्याला १६,००० मिळत. म्हणजे २०८ तासांचे तासाला ७७ रुपये. तेच टेबल, तीच नोझल, तेच क्रीम. आणि पाच तास हे फक्त कागदावर. साडेआठला कुणीतरी वाढदिवसाचं नाव लिहून मागतंच, त्यामुळे तिन्ही दिवस मी नऊला बाहेर पडले. सहा तास धरले तर दर येतो ३८ रुपये. म्हणजे वेळ अर्धी नव्हती, पाऊण होती. अर्धा झाला होता तो तासाचा दर.

इथे आपल्यापैकी कित्येकजणी म्हणतील, पण बायकांनाच पार्ट-टाइम हवं असतं. हो, हवं असतं. का हवं असतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनमोबदला कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेल्याची नोंद आहे. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही. ज्या बाईचे जवळपास पाच तास घराने आधीच घेतलेत, ती बाहेर आठ तास कुठून देणार? ती कमी तास मागते. कमी दर मागत नाही. या दोन गोष्टी मालक एक करतो, आणि आपण त्याला करू देतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात किमान वेतनाच्या कित्येक अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगाराचा तासाचा दर काढायची रीत लिहिलेली असते. दिवसाच्या वेतनाला कामाच्या तासांनी भागायचं आणि येणाऱ्या आकड्यावर १५ टक्के वाढवायचे. म्हणजे अर्धवेळ कामाचा तास पूर्णवेळ कामाच्या तासापेक्षा महाग असला पाहिजे. यामागचा विचार रास्त आहे. दोन-चार तासांसाठी माणूस बोलावलं तरी त्याचं येणंजाणं पूर्णच असतं आणि उरलेल्या दिवसाचा भरवसा काहीच नसतो. प्रत्यक्षात नेमकं उलटं चालतं. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखं वेतन हे १९७६ च्या कायद्यात होतं. ते २०१९ च्या वेतन संहितेत आलं आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायदा बदलला, टेबल तेच राहिलं.

‘छोटी बेकरी आहे, परवडत नाही,’ असं मालक म्हणाले. त्यात सगळंच खोटं नाही. जागेचं भाडं आहे, घरपोच ऑर्डर पोचवणाऱ्या कंपन्यांचं कमिशन आहे. भट्टीवरचे परगावचे कामगार बारा बारा तास राबून भट्टीच्या वरच्या माळ्यावरच झोपतात, हेही मी पाहिलं. माझं भांडण त्या कामगारांशी नाही. पण तोटा भरून काढायची वेळ आली की हात पहिल्यांदा बाईच्या पगाराकडेच का जातो, हा माझा प्रश्न आहे.

आणि आता आपल्याविषयी. हे लिहिताना मला जड जातंय.

गेली कितीतरी वर्षं आम्ही हे वर्ग चालवले. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, पाहुण्यांच्या हस्ते केक कापणं, फोटो. अहवालात वाक्य ठरलेलं, ‘इतक्या महिला स्वावलंबी झाल्या.’ त्यांतल्या काहीजणी महिन्या-दोन महिन्यांनी परत यायच्या. म्हणायच्या, “नाही जमलं, ताई.” आम्ही विचारायचो, “का गं, घरून विरोध झाला का?” किती तासांचे किती पैसे मिळाले, हे आम्ही कधीच विचारलं नाही. ‘चिकाटी कमी पडते’ असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला आहे. त्या बायकांनीही तीन दिवस फुकट केक केले असतील, नऊला बाहेर पडल्या असतील, घरी जाऊन बोलणी खाल्ली असतील. मी त्यांना नोझल धरायला शिकवलं, दर मागायला शिकवलं नाही. बेकऱ्यांना स्वस्त आणि शिकलेले हात आम्ही अनुदानाच्या पैशातून पुरवले.

असं का झालं? कारण बाईच्या मजुरीला मजुरी म्हणायला आपलीही जीभ अडखळते. अंगणवाडीताईंना ‘मानधन’, आशाताईंना ‘मोबदला’, गृहिणीचा ‘हातभार’. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. तिथल्या सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०२२ साल उजाडलं. आणि आपल्या संस्थांत काय वेगळं आहे? मीही ‘मानधन’च घेते, निम्म्या मानधनात पूर्ण काम करते आणि त्याला बांधिलकी म्हणते. बेकरीच्या मालकांना तरी बांधिलकी हा शब्द ठाऊक नव्हता.

रस्ता नवा शोधायला नको. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. चार घरी तुकड्या-तुकड्यांनी काम करणाऱ्या त्या बायकांहून जास्त ‘पार्ट-टाइम’ कोण असणार? पण एकत्र आल्यावर त्यांनी बाईची गरज बाजूला ठेवून कामाचा दर बोलायला सुरुवात केली. धुण्याचा इतका, भांड्यांचा इतका. केकच्या टेबलावर हे का होऊ नये?

म्हणून, असे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक गटापुढे मी या गोष्टी मांडते आहे.

एक, ट्रायल एका दिवसाची असेल आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक केकची मजुरी मिळेल, नाहीतर आपण बाई पाठवणार नाही.

दोन, बेकरी उद्योगाची किमान वेतनाची चालू अधिसूचना आणून ती वर्गात मोठ्याने वाचायची, तासाचा दर आणि प्रतवारी यांसह. केक सजवणारी बाई कुशल कामगार आहे, हा आपला दावा असेल.

तीन, ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक तासाचे पैसे वेगळे. कामाच्या अटी लेखी.

चार, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या आणि शिकाऊ बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे प्रत्येकीला माहीत हवं.

पाच, आपल्या वस्तीतल्या केक करणाऱ्या सगळ्याजणींचं एक दरपत्रक. एकीने नाकारलेल्या दरात दुसरी जाणार नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि मी ते अनुभवाने सांगते. तिसऱ्या दिवशी मी तासाचा दर आणि लेखी अटी मागितल्या. मालक म्हणाले, “विचार करून फोन करतो.” फोन आला नाही. तीन दिवसांचे पैसेही आले नाहीत. त्या महिन्यात आईची औषधं मी मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन आणली. एकटीचा नकार एकटीलाच महाग पडतो. काचेवरचा कागद अजून आहे आणि आमच्याच वर्गातली एखादी त्याखाली उभी राहून नंबर उतरवून घेत असेल.

आमचा पुढचा वर्ग येत्या महिन्यात सुरू होतो आहे. पहिल्या दिवशी नोझल वाटायच्या नाहीत, असं आम्ही ठरवलंय. पहिल्या दिवशी फळ्यावर भागाकार शिकवायचा आहे. महिन्याचा पगार भागिले खरे तास.