मिठाच्या खाणीतल्या बायका कुठे गेल्या?

उपासाच्या दिवशी आपल्यापैकी कित्येक घरांत नेहमीचं मीठ बाजूला राहतं आणि शेंदेलोणाची पुडी निघते. (उपास करावा की नाही, आणि बायकांनीच का करावा, हा वाद आपण पुष्कळदा घातला आहे. आज तो नको.) शेंदेलोण म्हणजे सैंधव, सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातलं. नावातच गाव सांगणारा हा पदार्थ आपण शतकानुशतकं खात आलो. वैद्यांनी त्याला सगळ्या मिठांत श्रेष्ठ ठरवलं. पण ते येतं कुठून, कुणी खणलं, कुणी डोक्यावर वाहिलं, हे आपण कधी विचारत नाही. २०१९ साली पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयातशुल्क बसलं आणि मे २०२५ मध्ये ही आयात पूर्णच बंद झाली, तेव्हा कुठे वाण्याच्या दुकानात "आता हे महागणार" अशा वाक्यातून त्या खाणीचा उल्लेख माझ्या कानावर आला.

ही खाण खेवड्याची. पाकिस्तानी पंजाबात झेलम जिल्ह्यात, पिंड दादनखान तालुक्यात, मिठाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं गुलाबी मीठ तिथे डोंगराच्या पोटात आहे. जगाच्या बाजारात ते 'हिमालयाचं गुलाबी मीठ' म्हणून खपतं, त्याचे दिवे करतात, श्रीमंतांच्या स्नानगृहात ते जातं. हिमालय तिथून बराच लांब आहे, पण खेवडा म्हटल्यावर कोण विकत घेणार!

मी खेवड्याला गेलेली नाही, आणि आजच्या परिस्थितीत जाता येईल असं दिसतही नाही. जे लिहिते आहे ते वाचून लिहिते आहे. पण एखाद्या जागेचा 'वारसा' कसा सांगितला जातो हे बघायला तिथे जावंच लागतं असं नाही. प्रवाशांना जे सांगितलं जातं ते छापलेलं आहे, आणि त्यात काय नाही तेही वाचता येतं.

तर खेवड्याची गोष्ट सुरू होते घोड्यांपासून. इसवीसनापूर्वी ३२६ मध्ये सिकंदर झेलमकाठी आला, त्याच्या सैन्यातले थकलेले, आजारी घोडे दगड चाटायला लागले आणि तरतरीत झाले, असा मिठाचा शोध लागला. दंतकथाच ती. पुढे मोगलांचा काळ, शिखांचा काळ, मग १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात. १८७२ मध्ये डॉ. वॉर्थ नावाच्या इंजिनिअरने जमिनीच्या पातळीवर मुख्य बोगदा काढला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नावावरून तिला मेयो खाण म्हणू लागले. निम्मं मीठ काढायचं आणि निम्मं खांबांच्या रूपाने छताला आधार म्हणून सोडायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. आज आत छोटी रेल्वे आहे, मिठाच्या विटांची मशीद आहे, शीशमहाल आहे, मिनार-ए-पाकिस्तानची प्रतिकृती आहे, चक्क पोस्ट ऑफिस आहे. दम्याच्या रुग्णांसाठी वॉर्डही काढला गेला. दरवर्षी लाखो लोक बघायला येतात.

घोडे आहेत, बादशहा आहेत, इंजिनिअर आहे, व्हाइसरॉय आहे. बाई कुठे आहे?

बाई होती. पाऊल टाकीन तिथे होती. १८३२ साली अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रज अधिकारी बुखाऱ्याला जाताना वाट वाकडी करून ही खाण बघायला आला. त्याने लिहून ठेवलं आहे, की आत शंभरावर माणसं काम करत होती: पुरुष, बायका आणि मुलं. त्यांच्या मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात लालसर मीठ कसं चमकत होतं याचंही त्याला कौतुक वाटलं. म्हणजे वॉर्थच्या आधी चाळीस वर्षं, इंग्रजी राज्याच्याही आधी, बाई तिथे होती. पुरुष फोडणार, बायकोपोरं वाहणार, अशी कुटुंबाची टोळी. पैसे माणशी नाहीत, बाहेर आलेल्या मिठाच्या वजनावर. हे चित्र आपल्याला नवीन नाही. ऊसतोडीतला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडीच ना! हिशेब जोडीचा, हातात पैसे मात्र एकाच्याच.

इंग्रजांनी मीठ सरकारी मक्तेदारीत घेतलं. त्यांची मिठावरची करवसुली किती निर्दय होती ते एका गोष्टीवरून कळेल. स्वस्त मीठ चोरून आणता येऊ नये म्हणून त्यांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली आणि तिच्यावर लांबच्या लांब काटेरी कुंपण वाढवलं. ही रेषा आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुराजवळून जात होती. १८७९ साली ती मोडली, कर मात्र राहिला. खाणीतल्या माणसांवर याचा ताण किती पडला असेल? नेमून दिलेलं मीठ निघेपर्यंत कामगारांना आत कोंडून ठेवत, गरोदर बायकाही त्यात असत, काही मुलं खाणीतच जन्माला आली, असं खेवड्यात सांगतात. १८७६ च्या सुमारास कामगार उठले, गोळीबार झाला आणि बारा जण मेले, त्यांच्या कबरी खाणीच्या तोंडाशी आहेत, असंही सांगतात. कबरी आहेत म्हणून ती आठवण राहिली. अंधारात बाळंत झालेल्या बाईची कबर नसते. ती मेली असली तरी बाळंतपणात मेली, म्हणजे घरगुती कारणाने मेली, असाच हिशेब!

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायचं होतं तिच्याकडे येते.

१९२९ साली हिंदुस्थान सरकारने नियम केले, की जमिनीखालच्या खाणीत स्त्रियांनी काम करायचं नाही. हे सगळीकडे एकदम लागू करता येईना, कारण काही ठिकाणी बायकांवाचून खाणच चालत नव्हती. ती ठिकाणं म्हणजे बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्यप्रांत इथल्या कोळसाखाणी आणि पंजाबातल्या मिठाच्या खाणी, म्हणजे मुख्यतः खेवडा. त्यांना दहा वर्षांची सवलत मिळाली. जमिनीखालच्या कामगारांत कोळशाच्या खाणींत २९ टक्क्यांपर्यंत आणि मिठाच्या खाणींत ४० टक्क्यांपर्यंतच स्त्रिया ठेवायच्या, मग कोळशात दरवर्षी ३ आणि मिठात दरवर्षी ४ टक्के कमी करत जायचं, म्हणजे १९३९ च्या जुलैत एकही बाई उरणार नाही.

चाळीस टक्के! हा आकडा मी दोनदा वाचला. शंभरातली चाळीस माणसं बायका असलेली जागा, आणि तिच्या वारशात बाईचं नाव नाही. आणि ही घट कशी, तर कोष्टक मांडून. पहिल्या वर्षी चाळीस, मग छत्तीस, मग बत्तीस. पगार वाढवून, हवा खेळती करून, पाळणाघर काढून काम सुधारण्याचं असं वर्षावर्षाचं कोष्टक सरकारने कधी केलं होतं का?

आता साल बघा. १९३०. याच वर्षी मीठ हे स्वातंत्र्याचं चिन्ह झालं. दांडीयात्रेच्या तुकडीत गांधीजींनी स्त्रियांना घेतलं नव्हतं, बायकांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यावर त्या बाहेर पडल्याच. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले मिठाच्या सत्याग्रहात पुढे होत्या. धारासण्याला सरोजिनी नायडू उभ्या राहिल्या. आपल्या शिरोड्याचा सत्याग्रह त्याच उन्हाळ्यातला. मुठीतलं मीठ घेऊन बाई रस्त्यावर आली, तिचे फोटो निघाले, आपण ते आजही आपल्या पोस्टरवर वापरतो. आणि त्याच महिन्यांत, त्याच सरकारच्या राज्यात, मिठाखाली आयुष्य काढलेल्या बायका चार-चार टक्क्यांनी खाणीबाहेर काढल्या जात होत्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या मी आजवर कुठे वाचलेल्या नाहीत. यात कुणाला खोटं पाडायचं नाही. कमलादेवी किती मोठी बाई होती! पण कोणत्या बाईच्या हातातलं मीठ इतिहासात जातं आणि कोणत्या बाईच्या डोक्यावरचं जात नाही, हे विचारायलाच हवं.

त्याच सुमारास व्हिटली कमिशन नेमलं गेलं, हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करायला. खेवडाही त्याच्या कक्षेत होता. सभासदांत आपले ना. म. जोशी होते. स्त्री एकच, बेरिल पॉवर, इंग्लंडहून आलेल्या. खाणीतल्या बाईने तोंड उघडून काय सांगितलं असतं, याची कल्पनाच करावी लागते.

बंदी वाईट हेतूने आली असं मी म्हणणार नाही. जमिनीखालचं काम भयंकर होतं: सुरुंगाचा धूर, घाम, मिठाने चिरलेली कातडी, पाठीशी मूल. अखिल भारतीय महिला परिषदेच्या बायकांनी कळकळीने बंदीचा पाठपुरावा केला. १९३७ साली, मुदतीच्या आधीच, ती पूर्ण अंमलात आली. पण टोळीतली बाई गेली, की टोळीचं मीठ कमी निघणार आणि घरात येणारा पैसाही कमी होणार, हे कुणाही कामकरणीने एका वाक्यात सांगितलं असतं. त्या पैशाच्या जागी काय, याची तरतूद नव्हती. ज्याला आपण संरक्षण म्हटलं ते तिच्या बाजूने बघितलं तर कामावरून काढणं होतं.

हा पेच पुढे फार ठळकपणे उभा राहिला. १९४३ साली युद्धासाठी कोळसा कमी पडायला लागला तेव्हा सरकारने कोळसाखाणींपुरती बंदी उठवली. म्हणजे बाईच्या नाजूक प्रकृतीची काळजी युद्ध संपेपर्यंत थांबली! मध्यवर्ती कायदेमंडळात रेणुका राय यांनी याविरुद्ध आवाज उठवला. सरकारच्या वतीने उत्तर द्यायला उभे होते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मधल्या त्या भाषणात त्यांनी बंदी उठवण्याचं समर्थन केलं, आणि सोबत एक गोष्ट सांगितली: या कामात स्त्री असो वा पुरुष, समान कामाला समान वेतन हे तत्त्व लागू केलं आहे. मला या वादात कोणा एकाची बाजू पूर्ण घेववत नाही. पण 'बाईने खाली जावं का' या प्रश्नापेक्षा 'खाली गेली तर तिला काय मिळतं' हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो, आणि तो तिथे विचारला गेला. १९४६ मध्ये बंदी परत आली, १९५२ च्या खाण कायद्यात ४६ व्या कलमाने पक्की झाली.

आपल्याकडे ती सैल व्हायला २०१९ साल उजाडलं. तेव्हा सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंत, लेखी संमतीने, किमान तिघींच्या गटात स्त्रियांना जमिनीखाली जाता येऊ लागलं, पण फक्त तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर जमिनीखालच्या खाणकामासह सगळी कामं, रात्रपाळीही, संमती आणि सुरक्षेच्या अटींवर खुली केली. आमच्या गटात २०१९ ला यावर पेढे वाटायचे की नाही यावरून चांगलीच जुंपली होती. खाणीत उतरणाऱ्या इंजिनिअर मुलीचा मला मनापासून आनंद आहे. पण ४० टक्क्यांत होती ती मजूर बाई होती, आणि तिची जागा दरम्यान रुळांनी आणि यंत्रांनी घेतली. दार उघडलं ते तिच्या नातीसाठी उघडलंच असं नाही.

कुणी म्हणेल, दुसऱ्या देशातल्या खाणीचं आपल्याला काय? एक तर १९२९ ते १९३९ चं ते कोष्टक आपल्या दोघांच्याही आज्यांचं आहे, तेव्हा मध्ये सीमा नव्हती. दुसरं, वारसा म्हणून जतन झालेल्या खाणीत बाई कोणत्या रूपाने शिल्लक राहते ते पोलंडमध्येही दिसतं. तिथल्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीला युनेस्कोने १९७८ सालीच जागतिक वारसा ठरवलं. तिथे एक बाई आहे, अगदी देवळासारख्या मोठ्या दालनासकट, पण ती राजकन्या किंगा. तिची अंगठी मिठात सापडली अशी कथा आहे. राजकन्या किंवा संत झाल्याशिवाय खाणीत बाईचा पुतळा होत नाही!

आणि तिसरं कारण आपल्या दाराशी आहे. मुंबईच्या कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. घरं हवीत की मिठागरं, यावर वेगळं लिहावं लागेल. पण मिठागरात बाईच पाटी उचलते, हे उरण-पेण-वसईकडच्या कुणालाही विचारा. उद्या तिथे एखाद्या उंच इमारतीच्या आवारात मिठागरांच्या आठवणीचा कोपरा झालाच, तर त्यात काय असेल? बंदरावर आलेल्या पोर्तुगिजांचं चित्र, इंग्रजांच्या मीठ खात्याचा शिक्का, एखादं लाकडी फळं. चुंबळ असेल का?

म्हणून माझी सूचना अशी. या अंकाच्या वाचकांपैकी ज्या रायगड, ठाणे, पालघरकडच्या आहेत, त्यांनी आपापल्या भागातल्या मिठागरात काम केलेल्या म्हाताऱ्या बायकांना गाठावं. पाटीला मजुरी किती होती आणि ती कुणाच्या हातात पडायची, दिवसाला किती पाट्या व्हायच्या, पायाला काय लावायच्या, बाळंतपणानंतर किती दिवसांनी परत आल्या, काम बंद झालं तेव्हा मालकाने काय दिलं, एवढं विचारावं. टेप नसेल तर वहीत लिहावं, आणि त्यांच्या शब्दांत लिहावं. आमच्या गटाने पेणजवळ दोघींशी बोलणं सुरू केलं आहे. त्यातली एक पहिल्यांदा म्हणाली, "मिठाचं काय सांगायचं बाय, मीठ ते मीठ." मग तीन तास बोलत होती.