विश्लेषण : डोळ्याच्या फोटोतून काचबिंदू सापडेल, पण रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचेल का?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही. तो वेळेत ओळखण्यासाठी डोळ्याच्या आतले फोटो संगणकाकडून तपासून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मात्र त्यांचे यश किती फोटो काढले यावर नव्हे, तर वर्षभरानंतर किती रुग्ण उपचार घेत आहेत यावर मोजायला हवे.

काचबिंदू उशिरा का कळतो?

दृष्टिपटलावर उमटलेले चित्र मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात. बहुतेकदा डोळ्यातील वाढलेला दाब त्याला कारणीभूत असतो. पण दाब नॉर्मल असूनही हा आजार होतो. त्यामुळे नुसता दाब मोजून भागत नाही. नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही की लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे स्पष्ट दिसत राहते. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतातील पाहण्यांत तर सापडलेल्या बहुसंख्य रुग्णांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नव्हते.

संगणक फोटोत काय पाहतो?

नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे फोटोत एक गोल चकती दिसते आणि तिच्या मध्यभागी फिकट खळगा. तंतू मरत गेले की खळगा रुंदावतो. चकतीच्या तुलनेत खळगा किती मोठा, हे संगणक मोजतो. त्यासाठी त्याला तज्ज्ञांनी तपासलेले हजारो फोटो दाखवून शिकवावे लागते. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील प्रा. मनेश कोकरे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मधुमेही दृष्टिपटलाचे ५१६ फोटो, तर २०२१ मध्ये ४६ प्रकारच्या नेत्रविकारांचे ३,२०० फोटो जगभरच्या संशोधकांना खुले केले. दुसऱ्या संग्रहात हा रुंदावलेला खळगाही आहे.

प्रत्यक्षात हे चालते का?

मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय, २१३ मधुमेहींची तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण यंत्रणेच्या नजरेतून सुटला नाही. मात्र ती तपासणी मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराची होती. काचबिंदू ओळखणे अधिक अवघड आहे, कारण काहींचा खळगा जन्मतःच मोठा असतो. दुसरीकडे, थायलंडच्या दवाखान्यांत गुगलची यंत्रणा वापरली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २१ टक्के फोटो तपासण्यायोग्यच निघाले नाहीत.

सरसकट सर्वांची तपासणी का नको?

साधे गणित करू. समजा, चाळिशीपुढच्या १,००० जणांत ३० जणांना काचबिंदू आहे. यंत्रणा शंभरातले ९० रुग्ण ओळखते आणि शंभरातल्या पाच निरोगी लोकांना चुकून रुग्ण ठरवते. म्हणजे २७ खरे रुग्ण सापडतील, तीन सुटतील आणि सुमारे ४८ निरोगी माणसांना विनाकारण धास्ती बसेल. आता ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, अशांनाच बोलावले आणि १,००० जणांत १०० रुग्ण असले, तर ९० सापडतील आणि सुमारे ४५ जणांना चुकीचा इशारा मिळेल. यंत्र तेच, फक्त कोणाला तपासायचे हे बदलले.

पनवेलने काय करावे?

पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे, लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरातल्या माणसाला नेत्रतज्ज्ञ दूर नाही. पण कर्जत-खालापूरच्या वाडीवरच्या मजुराला रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. शिबिरात फोटो फुकट निघतो. खर्च पुढे सुरू होतो. दाब मोजणे, कडेच्या नजरेची चाचणी आणि बहुतेकदा आयुष्यभर घालायचे थेंब. थेंबांनी नजर सुधारल्याचे जाणवत नाही, त्यामुळे अनेकजण ते मध्येच सोडून देतात.

म्हणून शिबिराच्या निधीतूनच दुसऱ्या फेरीचे भाडे, थेंब आणि फोन करून चौकशी करणारा माणूस यांची तरतूद हवी. सुरुवात आधीच उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांपासून करावी. अहवालात किती फोटो काढले याच्या शेजारी किती जण डॉक्टरकडे पोहोचले आणि किती जण वर्षानंतरही थेंब घालत आहेत, हे आकडे द्यावेत. तुमच्या घरात कोणाला काचबिंदू असेल आणि तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. डॉक्टरांना दाबाबरोबर नसही तपासायला सांगा.