पद्मिनीला किल्ली मारण्याआधी

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या कितीतरी पद्मिनी गाड्या आज मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत ताडपत्रीखाली पडून आहेत. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि अनेक मालक एकदम हळवे झाले. हळवेपणा ठीक, पण त्या भरात नवी बॅटरी जोडून थेट किल्ली फिरवणं म्हणजे इंजिनाच्या जिवावर उठणं.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या या 1089 सीसी इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. जाणता मिस्त्री आधी चारही प्लग काढतो, भोकांतून थोडं ऑइल सोडतो, एक-दोन दिवस मुरू देतो, मग इंजिन हातानं फिरवून पाहतो. टाकीतल्या पेट्रोलची तोवर चिकट, आंबूस वासाची राळ झालेली असते. ती उपसल्याशिवाय कार्बोरेटर धुणं व्यर्थ.

आणि ब्रेक? इंजिन धडधडलं की पेढे वाटले जातात. चाकांतल्या ब्रेक सिलिंडरचे कडक झालेले रबर कुणी बघत नाही. खरं तर पहिला खर्च तिथेच व्हावा.

गाडी चालू झाली तरी नोंदणीचा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारनं 2021मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगलंच झालं. पण पद्मिनी नव्वदच्या दशकातही बनत होती. ऐंशीतल्या गाडीनं 2030पर्यंत थांबायचं, तोवर तिला भंगारवाल्यानं गाठलं तर? ही अट 30 वर्षांवर आणावी, नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे जुने मिस्त्री हाताशी आहेत तोवर.