खांब कुणाचे?

मी गोदीत मजूर आहे. मॅट्रिकपलीकडं शिकलो नाही. पण रंग चढवायच्या आधी गंज खरवडावा लागतो, एवढं मला कळतं. त्यामुळं कुणी भिंत रंगवली म्हटलं की मी आधी विचारतो, खालचा गंज काढला काय?

दोस्तहो, कॅलिफोर्नियात सॅन दिएगो नावाचं बंदर आहे. त्याच्या अंगाला बॅरिओ लोगन ही वस्ती, मेक्सिकन वंशाच्या कामगारांची. जहाजं बांधायची, मासळी डब्यात भरायची आणि वर हिणवून घ्यायचं. 'चिकानो' हा शब्दही आधी हिणवायलाच होता. साठच्या दशकात तिथल्या पोरांनी तो उचलला आणि छातीवर लावला. तो शब्द उचलताना काय वाटलं असेल, ते आपल्याला समजावून सांगायला नको.

वस्तीचे लचके कसे तोडले बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदल किनाऱ्यावर येऊन बसलं, लोकांचा समुद्र गेला. मग घरांच्या शेजारी कारखाने आणि मोडक्या मोटारींचे भंगारवाले आले. १९६३ साली महामार्गानं वस्ती मधोमध चिरली. १९६९ साली कोरोनाडोचा पूल झाला, त्याचे खांब लोकांच्या अंगणात उभे राहिले. पुलाखाली बाग देऊ म्हणाले होते. २२ एप्रिल १९७० ला तिथं बुलडोझर आले. कशाला? हायवे पोलिसांची चौकी बांधायला!

मग माणसं उठली. बाया, म्हातारे, शाळाकॉलेजची पोरं. बुलडोझरपुढं हातात हात घालून उभी राहिली. जमीन उकरून निवडुंग लावले, फुलझाडं लावली. बारा दिवस जागा सोडली नाही. सरकार वाकलं. तेच चिकानो पार्क.

चित्रं त्यानंतर आली, १९७३ साली. वस्तीतलाच चित्रकार साल्वादोर तोरेस, त्यानं त्या काँक्रीटच्या खांबांत कॅनव्हास बघितला. चित्रकार आले, आणि ज्यांनी जन्मात ब्रश धरला नव्हता तेही आले. खांबांवर आज्तेक देव चढले, शेतमजूर चढले, झापाता चढला. १९७७ च्या एका चित्रानं तर सरळ भंगारवाल्यांना वस्तीतून चालते व्हा म्हणून सांगितलं. असलं चित्र दिवाणखान्यात टांगता येत नाही, बाबांनो!

आता दुसरी गोष्ट ऐका. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारानं एक भिंत रंगवली. मधोमध क्रुसाला बांधलेला आदिवासी, त्याच्या डोक्यावर गरुड. सिकेरोस थोर, चित्र जहाल. पण भिंत दुसऱ्याच्या मालकीची. थोड्याच वर्षांत तिच्यावर पांढरा रंग फासला. लोकांना ते चित्र पुन्हा बघायला मिळालं २०१२ साली. तोवर सिकेरोस मरून अडतीस वर्षं झाली होती.

फरक कुठं पडला? सॅन दिएगोत खांब सरकारचेच होते, आजही आहेत. पण पायाखालची जमीन लोकांनी आधी धरली होती. राखणीला वस्ती होती. म्हणून रंग टिकला.

२०१६ साली त्या बागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण गाड्यांचा धूर अजून खालीच उतरतो, पोरं दम्यानं खोकतात. आता बाहेरचे लोक फोटो काढायला येतात, घरभाडी चढतात, आणि ज्यांच्या आयाबापांनी बुलडोझर अडवला त्यांनाच वस्ती परवडेना. भिंतीवर लढाई आणि भिंतीखाली घरमालक, ही कसली कला?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कुणी वस्तीत डबे-ब्रश घेऊन आलं आणि म्हणालं, तुमची भिंत सुंदर करतो, तर त्याला बसवा, चहा पाजा, आणि विचारा: रंग वाळल्यावर आम्ही इथंच राहणार ना? उत्तर नीट आलं तरच ब्रश हातात घ्या. नाहीतर आधी जागा धरा. रंगाचं मग बघू.